संकल्पाला वार द्या

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)





आज विहाराचा वर्धापनदिन. माणसाने मनात धरलेले ध्येय तडीस कसे न्यावे, या विषयावर बोला, असे समितीने आम्हाला सांगितले. आम्ही प्राध्यापक नाही, वक्तेही नाही. गिरणीत पाळ्या करता करता जे थोडेबहुत वाचले आणि वस्तीत चळवळीचे काम करताना जे डोळ्यांनी पाहिले, तेवढ्याच भांडवलावर चार शब्द मांडणार आहोत. ते गोड मानून घ्यावेत.

बंधू-भगिनींनो, आपल्या समाजात संकल्पांना कधीच तोटा नव्हता. १४ एप्रिलला मिरवणुकीत नाचून दमलेला पोरगा म्हणतो, "यंदा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास मन लावून करणार." ६ डिसेंबरला चैत्यभूमीजवळच्या स्टॉलवर ग्रंथ विकत घेणारा म्हणतो, "हा पूर्ण वाचणारच." धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बावीस प्रतिज्ञा म्हणताना एखाद्याचा गळा दाटून येतो आणि तो मनातल्या मनात म्हणतो, "आजपासून थेंबाला शिवणार नाही." घरातली बाई हिशेब करून म्हणते, "ते देणं यंदा फेडायचंच." हे सगळे अगदी खरे असते. त्या घटकेला कोणीही नाटक करत नाही.

आता दोन महिन्यांनी त्याच माणसांच्या घरी जाऊन बघा. ग्रंथ कपाटावर आहे, त्याच्यावर लाइटबिलं आणि औषधाच्या बाटल्या. अभ्यासाच्या वहीची पहिली चार पानं सुवाच्य अक्षरात, पुढची कोरी. देण्याचं व्याज वाढलेलं. विचारलं तर उत्तर एकच, "काय करणार, वेळच मिळाला नाही हो." आम्हाला वाटते, हा माणूस खोटे बोलत नाही. त्याला वेळ खरोखरच मिळालेला नसतो, कारण त्याने तो आधी काढून ठेवलेला नसतो.

आपण लग्न जमवतो तेव्हा काय करतो? "पोरीचं लग्न करायचंय" असे वर्षभर बोलत राहिलो म्हणून कोणी मांडववाला घरी येत नाही. तारीख निघाली, वार ठरला, मुहूर्त न पाहता का होईना पण घड्याळाची वेळ ठरली, की मग पत्रिका छापायला जाते, आचारी ठरतो, पाहुणे निघतात. संकल्पाचेही तसेच. ज्या संकल्पाला वार नाही, वेळ नाही, जागा नाही, तो संकल्प कितीही पवित्र असला तरी त्याच्यासाठी कोणी चूल पेटवत नाही. आमचे आजचे सांगणे एवढेच आहे की, संकल्पाला वार द्या.

आता कोणी म्हणेल, आठवड्याचा वारच कशाला, रोजच का नको? रोज करता आले तर सोन्याहून पिवळे. पण बाजारात जी पुस्तके मिळतात, "पहाटे चारला उठा, रोज एक तास हे करा, रोज अर्धा तास ते करा" असे सांगणारी, ती लिहिणाऱ्यांनी रात्रपाळी केलेली दिसत नाही. आमची या आठवड्यात पहिली पाळी, पुढल्या आठवड्यात दुसरी, त्यानंतर रात्रपाळी. पहाटे चारला आम्ही कधी अंथरुणात, तर कधी यंत्रासमोर. सफाई खात्यातले बांधव, रिक्षावाले, नाक्यावर उभे राहणारे मजूर, चार घरची भांडी करणाऱ्या भगिनी, यांचा एक दिवस दुसऱ्या दिवसासारखा नसतो. रोजचा नियम धरला की तिसऱ्या दिवशी तो मोडतो, आणि एकदा मोडला की मन म्हणते, जाऊ दे, आपल्याच्याने होणार नाही. उलट महिन्याचा नियम फार लांबचा. महिना संपेपर्यंत काय ठरवले होते तेच आठवत नाही. आठवडा मात्र कष्टकऱ्याच्या हातात मावतो. गावाकडे आपले वाडवडील निरक्षर होते, पण आठवडी बाजार त्यांनी कधी चुकवला नाही. मीठ-मिरची संपायच्या आत बाजाराचा वार येतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आणि हा आठवडा, हा रविवार, आपल्याला फुकट मिळालेला नाही, हे तरुणांनी लक्षात घ्यावे. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी कामगाराला आठवड्याची हक्काची सुट्टीच नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्या वर्षी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले गेले, त्यात रविवारच्या सुट्टीची मागणी होती. लगेच काही मिळाले नाही. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली. एका रविवारसाठी सहा वर्षे झगडावे लागले. पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, त्या काळात कामाचे तास कमी करण्याचा प्रश्न पुढे आला आणि १९४६ च्या कारखाना कायद्यातील दुरुस्तीने आठवड्याचे ५४ तास कमी होऊन ४८ वर आले.

आता हिशेब करा. आठवड्याचे तास १६८. कामाचे ४८ गेले. झोपेचे रोज आठप्रमाणे ५६ गेले. उरले ६४. त्यात जाणे-येणे, जेवणखाण, पाण्याची रांग, दुखणे-बाणे, लग्न-मयत सगळे घाला. तरी त्यातून आठवड्याला तीन तास निघत नाहीत, असे म्हणणारा माणूस आम्हाला अजून भेटायचा आहे. मोबाईलवर बोट फिरवण्यातच किती जातात ते ज्याचे त्याने मोजावे. आठवड्याला तीन तास म्हणजे वर्षाला १५६ तास. लोखंड्यांनी आणि बाबासाहेबांनी जे तास मालकाच्या हातातून सोडवून आणले, त्यातलेच हे तास आहेत. ते कशात घालवायचे, हा प्रश्न म्हणून साधा नाही.

आपल्या धम्मात तर ही गोष्ट फार जुनी आहे. विनयपिटकात महावग्गामध्ये उपोसथाची कथा येते. मगधाचा राजा बिंबिसार याने पाहिले की, इतर पंथांचे परिव्राजक अष्टमी, चतुर्दशी आणि पौर्णिमा-अमावास्येला एकत्र जमतात, लोक त्यांचा उपदेश ऐकायला जातात आणि त्यांच्यावर लोकांची श्रद्धा बसते. त्याने भगवंतांना विनंती केली की, आपल्या भिक्खूंनीही त्या दिवशी जमावे. भगवंतांनी ती मान्य केली. भिक्खू जमू लागले, पण नुसते गप्प बसून राहायचे. लोक धम्म ऐकायला आले होते, ते कुरकुरले की, हे मुक्या जनावरासारखे बसतात काय! तेव्हा भगवंतांनी सांगितले की, जमल्यावर धम्म बोलावा. या कथेत दोन धडे आहेत. एक, बुद्धांच्या संघालासुद्धा ठरलेला वार लागला. दोन, नुसते जमून भागत नाही, जमल्यावर काम झाले पाहिजे. बाबासाहेबांनीही बौद्धांना दर रविवारी विहारात जाण्याचे कर्तव्य सांगितले, ते याच परंपरेला धरून, आणि कामगाराची सुट्टी कोणत्या वारी असते हे ओळखून.

सवयीबद्दल आणखी एक सावधगिरी सिगालोवाद सुत्तात आहे. सिगाल नावाचा तरुण रोज सकाळी ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करायचा, का तर बापाने मरताना सांगितले होते म्हणून. त्याचा नेम कधी चुकत नव्हता, पण त्यात अर्थ नव्हता. भगवंतांनी त्याला हिणवले नाही. त्यांनी सांगितले की, पूर्व दिशा म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरुजन, पश्चिम म्हणजे बायको-मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे आपल्या हाताखालचे कामकरी आणि वरची म्हणजे श्रमण. त्यांच्याशी नीट वागणे हीच दिशांची पूजा. मालकाने कामकऱ्याला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, वेतन द्यावे, आजारपणात सांभाळावे आणि वेळोवेळी सुट्टीही द्यावी, असे त्याच सुत्तात आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी! सांगायचा मुद्दा, दर रविवारी मेणबत्ती-अगरबत्ती लावून घरी गेलो, म्हणजे नेम झाला, पण सिगालासारखा. त्या नेमात ध्येय घातले पाहिजे.

ध्येय मोठे असेल तर ते बैठकीबैठकीनेच पुरे होते, याचा सर्वांत मोठा दाखला बाबासाहेबच आहेत. परळच्या चाळीतल्या लहानशा खोलीत अभ्यासाला जागा नव्हती. सुभेदार रामजीबाबा रात्री उशिरापर्यंत जागे राहायचे, दोन वाजता भिवाला उठवायचे आणि मग स्वतः पाठ टेकायचे. लंडनला ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दार उघडताना आत जायचे आणि बंद होताना बाहेर यायचे, हा त्यांचा क्रम. २४ नोव्हेंबर १९३० ला सुरू झालेले 'जनता' पत्र आधी पाक्षिक होते, पुढे साप्ताहिक झाले आणि १९५६ साली 'प्रबुद्ध भारत' या नावाने पुढे गेले. एवढी वर्षे अंक काढत राहणे म्हणजे काय, ते छापखान्यात उभा राहिलेलाच जाणे.

आपण अभिमानाने म्हणतो, बाबासाहेबांनी घटना लिहिली. कशी लिहिली? २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी स्वतः हिशेब दिला आहे. मसुदा समितीची पहिली बैठक ३० ऑगस्ट १९४७ रोजी झाली आणि समिती १४१ दिवस बसली. मसुद्यावर ७६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांपैकी २४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. शेवटी ३९५ कलमे आणि ८ परिशिष्टे तयार झाली. एका रात्रीत दिव्य प्रकाश पडला आणि घटना उतरली, असे झालेले नाही. आज या कलमावर बसले, उद्या त्या. मधुमेहाने शरीर पोखरलेले, तरी बसले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथही असाच कित्येक वर्षे लिहिला. ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचे महापरिनिर्वाण झाले, त्याच्या आदल्या रात्रीपर्यंत त्याच्या प्रस्तावनेवर काम चालू होते. ग्रंथ १९५७ साली निघाला. आपण फक्त त्यांचे बोट वर केलेले पुतळे पाहतो. त्यांची खुर्चीवर बसण्याची सवयही पाहिली पाहिजे.

आता करायचे कसे, ते सांगतो. आम्ही जे पाहिले त्यावरून चार गोष्टी निघतात.

पहिली गोष्ट, ध्येयाचे आठवड्याएवढे तुकडे करा. उदाहरण घ्या. धम्मपद वाचायचे आहे. धम्मपदात २६ वग्ग आणि ४२३ गाथा आहेत. आकडा ऐकून माणूस घाबरतो. पण आठवड्याला आठ गाथा अर्थासह वाचल्या तर ५२ आठवड्यांत ४१६ होतात, उरलेल्या सात पुढच्या एका आठवड्यात. म्हणजे एका वर्धापनदिनापासून दुसऱ्या वर्धापनदिनापर्यंत अख्खे धम्मपद समजून वाचून होते. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात अनेक विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. त्याचे आठ खंड आहेत आणि वर्षावासात बारा-तेरा रविवार येतात. वाटणी जमते. तसेच दहावीचे. बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरून परीक्षा देणाऱ्याने "गणित करायचंय" असे म्हणू नये. "या रविवारी दहा ते बारा, वर्गसमीकरणाची वीस उदाहरणे" असे म्हणावे.

दुसरी गोष्ट, वार, वेळ, जागा आणि सोबती ठरवा. घरात दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही चालू, पाहुणे आलेले, तिथे अभ्यास होत नाही. मग विहार कशाला बांधला आपण? आणि सोबती हवाच. एकट्याला आळस लवकर गाठतो. सिगालोवाद सुत्तात आळशी माणसाची कारणे सांगितली आहेत: फार थंडी आहे, फार गरम होतंय, अजून फार लवकर आहे, आता फार उशीर झाला, फार भूक लागलीय, पोट फार भरलंय. ऐकताना हसू येते, कारण ही आपल्याच घरातली भाषा आहे. पण खाली जिन्याजवळ सोबती हाका मारीत उभा असला की यातले एकही कारण टिकत नाही.

तिसरी गोष्ट, नोंद ठेवा. गिरणीत हजेरी नसेल तर पगार निघत नाही. आपल्या ध्येयाचाही हजेरीपट पाहिजे. दहा-वीस रुपयांची वही घ्या. तीन रकाने आखा: वार, काय ठरले, झाले की नाही. आणि रविवारी वही उघडून स्वतःला चार प्रश्न विचारा. हे चार प्रश्न आमच्या पदरचे नाहीत. अष्टांगिक मार्गातल्या सम्यक् व्यायामाचे जे चार प्रयत्न भगवंतांनी सांगितले, तेच आम्ही साध्या भाषेत मांडतो. कोणती वाईट गोष्ट माझ्यात अजून आली नाही आणि ती येऊ नये म्हणून या आठवड्यात काय केले? जी वाईट सवय आधीच लागली आहे, ती किती कमी केली? कोणती चांगली गोष्ट नव्याने सुरू केली? आणि जी चांगली गोष्ट चालू आहे, ती टिकवली का? उत्तर एका ओळीत लिहा. दाखवायला लिहू नका. धम्मपदाच्या पापवग्गात थेंबाथेंबाने घडा भरण्याचा दाखला दोनदा येतो, एकदा पापासाठी आणि लगेच पुढे पुण्यासाठी. घडा दोन्हींनी भरतो. कशाने भरत आला आहे, ते कळायला वही लागते.

चौथी गोष्ट, धागा तुटला तर जोडा. रिंग खात्यात उभे राहिलेल्यांना हे सांगावे लागणार नाही. सूत कातताना धागा तुटतोच. चांगला कापूस असला तरी तुटतो, हुशार कामगार असला तरी तुटतो. धागा तुटला म्हणून कोणी यंत्र बंद करून घरी जात नाही, की भरत आलेली बॉबिन फेकून देत नाही. कामगार फेऱ्या मारत असतो, तुटलेला दिसला की जोडतो आणि पुढे सरकतो. एखादा रविवार मयतीत गेला, एखादा आजारपणात गेला. जाऊ द्या. पुढच्या रविवारी बसा. मागचे सगळे एकदम भरून काढायला जाऊ नका. सोण नावाच्या भिक्खूने चंक्रमण करून करून पाय रक्तबंबाळ केले, तेव्हा भगवंतांनी त्याला वीणेची तार आठवायला सांगितली. फार ताणली तर सूर लागत नाही, फार ढिली सोडली तरी लागत नाही. पहिल्याच आठवड्यात सात संकल्प करणाऱ्याला आमचे सांगणे आहे, एकच धरा.

आता पैशाचे बघू. ही गोष्ट पुरुषांनी आपल्याच घरातल्या बायकांकडून शिकावी. १९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला. बचत गटाची पंचसूत्री अशी: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड, नियमित हिशेब. पाचही ठिकाणी शब्द एकच, नियमित. मोठी रक्कम असा शब्द त्यात कुठेच नाही. आठवड्याला शंभर रुपये बाजूला पडले तर वर्षाला ५२०० होतात. पोराची फी भरायच्या दिवशी कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही. भगवंतांनी गृहस्थाला कमाईचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग उपभोगाला, दोन भाग कामधंद्याला आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायला. आपल्या पगारात चार सारखे भाग पडणार नाहीत, हे आम्हालाही कळते. पण चौथा भाग शून्य ठेवायचा नाही, एवढे तरी पाळता येते.

दारूचे थोडे स्पष्ट बोलावे लागेल, कारण यात घरे बुडाली आहेत. पाचवे शील आपण पाठ म्हणतो. बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पण पिणारा माणूस सातही दिवस सारखा पीत नाही. त्याचा एक वार असतो, एक वेळ असते, एक कोपरा असतो आणि काही सोबती असतात. बहुधा पगाराचा दिवस किंवा सुट्टीच्या आदली संध्याकाळ. संकल्पाची खरी लढाई त्या दोन तासांची आहे. त्या दोन तासांत तो माणूस कुठे असेल, कोणाबरोबर असेल, हे आधी ठरवा. पगार आधी घरात द्या आणि त्याच संध्याकाळी त्याला विहारात कामाला लावा. अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही संस्था १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. तिचा सगळा भर नियमित बैठकांवरच आहे आणि मराठीतही तिच्या बैठका होतात. मात्र एक सूचना. बरीच वर्षे रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर हातपाय थरथरणे, झटके येणे, भ्रम होणे असा धोका असतो. त्याला आधी डॉक्टरांकडे, सरकारी रुग्णालयात न्या. त्यात लाज मानू नका.

आता आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आम्ही मघापासून रविवार, रविवार म्हणतो आहोत. पण बाईच्या रविवाराचे काय? पुरुषाला सुट्टी असते, पोरांना सुट्टी असते, आणि त्याच दिवशी तिचे काम दुप्पट होते. चादरी धुवायच्या, मटण शिजवायचे, पाहुण्यांचा चहा. जी बाहेर कामाला जाते तिची तर सहा दिवसांची तुंबलेली कामे रविवारचीच वाट बघत असतात. मग घरातला पुरुष विहारात बसून ध्येय गाठणार आणि ती चुलीपाशी बसून त्याची वाट बघणार, हा कोणता धम्म झाला? थेरीगाथेत मुत्ता नावाची थेरी आनंदाने सांगते की, आपण तीन वाकड्या गोष्टींतून सुटलो, उखळ, मुसळ आणि नवरा. आज उखळ-मुसळ गेले, मिक्सर आला. तिसऱ्या गोष्टीचा विचार आपण करायचा आहे. प्रत्येक घरात बाईचे आठवड्याला दोन तास तिच्या नावाने राखून ठेवा. त्या दोन तासांत स्वयंपाक नवऱ्याने नाहीतर मोठ्या मुलाने बघायचा. तिला वाचायचे असेल, मुक्त विद्यापीठाचा अभ्यास करायचा असेल, शिवण शिकायचे असेल, नाहीतर दोन तास नुसते झोपायचे असेल, तिची मर्जी. घरातल्या पुरुषाची सवय बायकोच्या कमरेवर उभी राहिली तर ती फार दिवस टिकत नाही, आणि टिकली तरी त्याला आम्ही प्रगती म्हणणार नाही.

शेवटी, विहारासाठी एक सूचना मांडतो आणि आपली रजा घेतो. अनेक वस्त्यांत विहाराला वर्षातले चार दिवस गर्दी असते आणि बाकीचे दिवस कुलूप असते. ग्रंथांच्या कपाटाची चावी कोणाकडे आहे तेही माहीत नसते. आमची समितीला विनंती आहे की, दर रविवारी सकाळी एक तास ठरवावा. पंधरा मिनिटे वंदना, वीस मिनिटे ग्रंथवाचन. पुढच्या पंधरा मिनिटांत ज्याला वाटेल त्याने आपल्या वहीतली एक ओळ सांगावी, या आठवड्यात काय झाले आणि काय राहिले. कोणी कोणाला हसायचे नाही, टोमणा मारायचा नाही. शेवटची दहा मिनिटे मुलांची. त्यांनी शाळेत काय शिकले ते सांगावे, आणि ज्याला गणित-इंग्रजी अडते त्याला कॉलेजच्या मुलाशी जोडून द्यावे. वाचन बायका-पुरुषांनी आळीपाळीने करावे. ज्याची रात्रपाळी असेल, ज्याला रविवारीही कामावर जावे लागत असेल, त्याच्यासाठी दुसरा एखादा वार ठरवावा. माणसे पाच आली तरी चालवावे, पावसात दोन आली तरी चालवावे. कपाटाची चावी दर महिन्याला एका घराकडे द्यावी, आणि कोणत्या घराकडे आहे ते फळ्यावर लिहावे.

याला वर्गणी लागत नाही, मंडप लागत नाही, लाऊडस्पीकर लागत नाही. म्हणूनच हे अवघड आहे, कारण यात फोटो निघत नाही आणि हारही गळ्यात पडत नाही. पण आपली मुले आपले भाषण ऐकून शिकत नाहीत, आपला बाप रविवारी कुठे जातो हे बघून शिकतात. ज्या घरात बाप आणि आई दर आठवड्याला वही घेऊन बसतात, त्या घरातल्या पोराला अभ्यासाला बस म्हणून सांगावे लागत नाही.

बंधू-भगिनींनो, आज घरी जाताना मोठा संकल्प करू नका. एक लहान ध्येय निवडा, त्याला एक वार द्या, एक तास द्या आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढा. येत्या रविवारी सकाळी ती वही घेऊन विहारात या. आम्हीही आमची घेऊन येतो.



नमो बुद्धाय! जयभीम!